उघाडीची पाचवी फळी

दामूदादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या बायकांच्या वॉर्डात सात नंबरच्या रिकाम्या पलंगावर उताणे पडले होते. पांढरा लेंगा-सदरा, छातीवर घडी करून ठेवलेला पंचा, आणि डोळे टक्क उघडे, छताकडे लागलेले. नुकतीच धुऊन आलेली चादर होती हो ती! बायकांच्या वॉर्डात धडधाकट बाप्या असा लवंडलेला पाहून माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, "ओ, उठा आधी! धर्मशाळा वाटली का ही?"

ते उठले नाहीत. नुसता हात वर करून मलाच थांबायची खूण केली.

"सिस्टरबाय, जरा गप ऱ्हावा. बघतोय."

"काय बघताय?"

"हिला काय दिसतं ते."

ही म्हणजे शेजारच्या सहा नंबरवरची त्यांची बायको, हिराताई. मी आठवडाभर रजेवर होते, कोलाडला माहेरी. त्याच आठवड्यात ती दाखल झाली होती. लेक रोह्याला दिलेली, तिच्याकडे चार दिवस राहायला आलेली असताना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

आमचं रुग्णालय म्हणजे कुंडलिकेच्या काठाला असलेली एका ट्रस्टची जुनी बैठी इमारत. भिंती खाली हिरव्या, वर चुन्याच्या. छताला गळतीचे पिवळे डाग. रोह्याला तेव्हा रेल्वे येऊन थोडीच वर्षं झाली होती. दामूदादा सकाळी हमरापूरहून तिकडच्याच गाडीनं यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. हमरापूरचं नाव घेतलं की पुढचं सांगावं लागत नाही. तिथं घराघरात गणपतीचे कारखाने. दामूदादा आखणीवाले. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं काम. साच्यातून मूर्ती काढणारे दहा असतात, रंग मारणारे वीस असतात. डोळ्याला हात लावणारा कारखान्यात एखादाच. बाकी सगळं झालं की शेवटी तो येतो, खाली बसतो, श्वास रोखतो आणि दोन रेघांत मातीचा देव करतो.

त्या दिवशी पलंगावरून उठल्यावर त्यांनी मला हे सगळं सांगितलं, माझा राग जायची वाट न बघताच. "सिस्टरबाय, उभ्यानं आखलेला डोळा बसलेल्याच्या डोक्यावरनं जातो. म्हणून आम्ही खाली बसून आखतो. बघणारा कुठं बसणार ते आधी बघायचं, मग ब्रश उचलायचा. आणि मी येडा, हितं चुकलो."

चूक दाराजवळच्या भिंतीवर होती. मी रजेवर असताना त्यांनी मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढून तिथं एक मोर रंगवला होता. काय मोर होता! येणारा-जाणारा थांबून बघायचा. डॉक्टरांनी पाहुण्यांना दाखवला, मेट्रनबाईंनी दोनदा "छान" म्हटलं, आणि मेट्रनबाई छान म्हणत नसत. फक्त ज्या बाईसाठी तो काढला तिला पडल्या जागेवरून मोराचा एक पाय आणि शेपटीचं टोक दिसत होतं. तेही तिनं डोळे उघडले असते तर.

हिराताई डोळेच उघडत नव्हती. खरी अडचण तीच होती. डॉक्टर पापणी वर करून बॅटरी मारायचे आणि म्हणायचे, "डोळ्यांना काही झालेलं नाही. गिळताही येतंय. पण बाई बघत नाही आणि तोंड उघडत नाही. नाकातली नळी किती दिवस ठेवायची? मनानं उठल्या तर उठतील, नाहीतर कठीण आहे." हे ते दामूदादांसमोरच म्हणायचे. दामूदादा स्टुलावर बसून आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बघत राहायचे. त्या नखावर कायम रंग असायचा, कारण ब्रशची पहिली रेघ ते नखावर ओढून बघत. साबण, राख, रॉकेल, कशानं ते निघालेलं मी पाहिलं नाही.

एकदा तिची चादर बदलत होते तेव्हा ते म्हणाले, "हजारो गणपतींचे डोळे उघडले ह्या हातानं. हिचे उघडत नाय गो बाय." मी काही तरी औषधाचं बोलून वेळ मारून नेली. मला रडणारे पुरुष बघवत नाहीत. ते रडत नव्हते, हे आणखी वाईट होतं.

मग बांबूची परांची आली. दुपारी खिडक्या उघड्या ठेवून, वास कमी येणारे रंग वापरून, समोरच्या भिंतीचा वरचा अर्धा भाग आणि त्यापुढचं छत, एवढंच रंगवायचं ठरलं. पलंगावर पडलेल्या माणसाला तेवढंच दिसतं. दहा मिनिटं काम की एकदा खाली उतरून सात नंबरवर आडवं व्हायचं, बघायचं, परत वर. मी त्या पलंगावर जुनी चादर टाकून ठेवली. शेवटी माणसाशी किती भांडणार?

कामात ते बोलत नसत. ब्रश हातात असताना प्रश्न विचारला तर उत्तर ब्रश ठेवल्यावर, म्हणजे कधी कधी अर्ध्या तासानं मिळायचं. चहा बशीतून, तोही गार करून. घाई त्यांना खपत नसे. "घाईचा डोळा तिरळा," हे त्यांचं पेटंट वाक्य. मी इंजेक्शन घाईत भरताना दिसले तरी परांचीवरून तेच ऐकू यायचं. आणि माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे असं बघायचे की समोरचा ओशाळायचा. मला एकदा म्हणाले, "सिस्टरबाय, तुमचा उजवा डोळा दिवसपाळीचा हाय आणि डावा रातपाळीचा. दोघांची भेट होत नाय वाटतं." मी आठवडाभर आरशात डावा डोळा बघत होते.

चित्र होतं हिराताईच्या माहेरचं. ती खाडीकाठची, खारपट्टीतली. छताला आभाळ, त्यात दोन बगळे. भिंतीवर डावीकडे भरलेली खाडी, मधोमध बांध, उजवीकडे पोटरीला आलेलं भात. आणि बांधात उघाडी. आमच्याकडे खारजमिनीत हे सगळीकडे असतं: बांधाला ठेवलेलं दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीच्या आत फळ्या बसवून बंद करायचं. नाही केलं तर खारं पाणी आत शिरतं आणि पीक जळतं, त्या वर्षीचंच नाही, पुढचंही. हिराताईचे वडील गावची उघाडी सांभाळत. तीही लहानपणी बापामागं कंदील घेऊन जायची म्हणे.

चित्र पुरं झालं. सुंदरच होतं. वॉर्डातल्या बायका कुशीवर वळून बघत होत्या. हिराताईचे डोळे मिटलेलेच. दामूदादांनी तिच्या कानाशी जाऊन काय काय सांगितलं. बगळे सांगितले, भात सांगितलं. काही नाही. ते परांचीच्या दोऱ्या सोडायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर आले तर पाच नंबरची बायजाआजी ओरडत होती. बायजाआजी मिठागरात जन्म काढलेली, मांडीचं हाड मोडून पडलेली, जीभ मात्र शाबूत.

"कुनी मेल्यानं उघाडी उघडी टाकलीन? अगो, भरती लागलीय! लावा गो कुनीतरी!"

मला वाटलं, म्हातारी वातात गेली. मी ताप बघितला, नाडी बघितली. ताप नव्हता. ती माझा हात झटकून भिंतीकडे बोट करत होती. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. खाडी काठोकाठ भरलेली आणि उघाडीचं दार सताड उघडं, आत काळा अंधार. दामूदादा नंतर म्हणाले की भरलेलं पाणी देखणं दिसतं म्हणून भरती काढली, आणि काळं भोक उठून दिसतं म्हणून दार उघडं ठेवलं. मूर्तीवाल्या माणसाची चूक ती. खारपट्टीतल्या शेंबड्या पोरानंही केली नसती.

तेवढ्यात दामूदादा आले. बायजाआजीनं त्यांना धारेवर धरलं. "डोले फुटलं का तुजं? सगला भात जालाचा हाय का?" ते बिचारे हात जोडून उभे. आणि मी सहज सहा नंबरकडे पाहिलं.

हिराताईचे डोळे उघडे होते.

भिंतीकडे बघत होती. कपाळाला आठी. डावा हात पलंगावरून चार बोटं उचललेला, आणि त्यातलं एक बोट उघाडीकडे. मी दामूदादांना नुसतं कोपरानं ढोसलं.  ते वळले, आणि तिथल्या तिथेच पलंगाच्या पायथ्याशी खाली बसले, मूर्तीसमोर बसावं तसे.

पुढं जे झालं त्यावरून माझं आणि त्यांचं दुसरं भांडण झालं. मी म्हटलं, "चढा आत्ताच्या आत्ता आणि लावा ते दार. आजीचं ब्लडप्रेशर वाढेल." ते म्हणाले, "नाय." मी म्हटलं, "पेशंटला घाबरवायला हे काय नाटकाचं थिएटर आहे?" ते म्हणाले, "सिस्टरबाय, पाया पडतो. दार लावलं की ही परत डोळे मिटंल." प्रकरण मोठ्या डॉक्टरांकडे गेलं. डॉक्टर खुर्चीतून उठून वॉर्डात आले, बराच वेळ हिराताईच्या त्या बोटाकडे बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "किती फळ्या असतात उघाडीला?"

"काढू तितक्या. पाच काढतो."

"मग रोज एक."

असा सौदा ठरला. सकाळी मी पेजेची वाटी घेऊन बसायची. दामूदादा शिडीवर ब्रश घेऊन. "हिरे, चार चमचे घे, मग खालची फळी बसवतो." पहिल्या दिवशी तिनं दोन घेतले आणि निम्मे सांडले. बायजाआजी पंच होती. "दोन झालं. अर्दी बशीव." दामूदादांनी अर्धी बसवली. दुसऱ्या दिवशी ती अर्धी पुरी झाली आणि वर दुसरी बसली. तिसऱ्या दिवशी हिराताई माझ्या हातातल्या वाटीकडे न बघता, उघाडीवरची नजर न काढता, एकामागून एक चमचे घेत राहिली. जशी काही पेज नव्हे, फळ्याच गिळत होती. नाकातली नळी निघाली. चौथ्या दिवशी तिला उशीला टेकवून बसवलं आणि चौथी फळी बसली.

पाचव्या दिवशी वॉर्डात गर्दी होती. बायकांचे नातेवाईक, औषधांच्या खिडकीवरचा माणूस, कंपनीतून शिफ्ट संपवून आलेला हिराताईचा जावई, सगळे. वाटी संपली. दामूदादा शिडीवर ब्रश घेऊन थांबले होते, तिच्याकडे बघत. हिराताईनं ओठ हलवले. आवाज आधी घशातच खरडला. मग स्पष्ट आला.

"लाव."

तिचा पहिला शब्द. नवऱ्याचं नाव नाही, देवाचं नाही. लाव. दामूदादांनी पाचवी फळी रंगवली, आणि ज्या माणसाची रेघ उभ्या आयुष्यात हलली नव्हती त्याची ती फळी तिरकी आली. एका टोकाला बोटभर वर. "पुसून परत काढ," बायजाआजी म्हणाली. ते म्हणाले, "नाय. ऱ्हाऊ दे तशीच." शिडीवरून उतरले आणि पंचा तोंडावर घेऊन व्हरांड्यात गेले. मी त्यांच्या मागं गेले नाही. मलाही पदर शोधावा लागला होता.

हिराताई काठी टेकत घरी गेली आणि त्यानंतर सात-आठ वर्षं जगली. दामूदादा मात्र आम्हाला चिकटले ते कायमचे. गणपती झाले की हातात काम नसायचं, तेव्हा रोह्याला यायचे आणि एकेक खोली रंगवायचे. प्रत्येक पलंगावर आधी स्वतः आडवं व्हायचं. आणि प्रत्येक चित्रात काहीतरी अर्धवट ठेवायचं. मुलांच्या खोलीत शेळीचं दावं सुटलेलं. बाळंतिणींच्या खोलीत चुलीवर दूध उतू जायच्या बेतात. पेशंट घरी जायला निघाला की ब्रश घेऊन शेळी बांधायचे, दूध उतरवायचे. पुढचा पेशंट आला की परत सोडायचे. मी एकदा विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाले, "सिस्टरबाय, आजारी माणसाची सगळे दिवसभर काळजी करतात. त्याला कुणाची काळजी करायला ठेवतच नाय. मग तो कशाला उठंल?"

सगळ्यांनाच चित्र हवं असतं असं नाही, हेही त्यांना कळायचं. स्टोव्हचा भडका उडून हात भाजलेला एक मास्तर होता. दामूदादा त्याच्या खोलीत रंगाचे डबे घेऊन गेले तर तो म्हणाला, "मला काही बघायचं नाही. भिंत कोरी असू द्या." आपला एवढा मोठा कलाकार, रागावेल असं मला वाटलं. त्यांनी त्या भिंतीवरचे डाग खरडले, दोन हात पांढरे दिले, पलंगावर आडवं होऊन बघितलं आणि एका कोपऱ्यात राहिलेला ठिपका परत जाऊन पुसला. "कोरी भिंत पण नीटच लागते," म्हणाले. मास्तर ती बघत चांगला झाला.

हिराताई झोपेतच गेली. त्यानंतर दोन वर्षांनी दामूदादा स्वतः आले, पेशंट म्हणून. छातीत पाणी झालं होतं. एव्हाना बायकांचा वॉर्ड नव्या इमारतीत गेला होता आणि जुना पुरुषांना दिला होता. पलंग रिकामा होता तो सहा नंबरचाच. मी इनचार्ज झाले होते. मी त्यांना दुसरीकडे ठेवू शकले असते. ठेवलं नाही.

छातीतलं पाणी काढलं. ताप उतरला. आणि दामूदादा जेवेनात. लेक डबा आणायची, तो तसाच परत जायचा. डोळे मिटून पडून राहायचे. मी म्हटलं, "दामूदादा, समोर बघा, उघाडी बघा." ते डोळे न उघडताच हसले. "ती लावलेली हाय सिस्टरबाय. मीच लावलीय. माझीच युक्ती माझ्यावर कशी चालंल?"

मला राग आला. खरं सांगते, त्यांच्यावरच आला. इतक्या लोकांना उठवलं आणि स्वतःची पाळी आली तर हात वर!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना एक्स-रेला नेलं. मी शिडी मागवली. खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑईलपेंट होता आणि थोडा काळा. मला रांगोळीसुद्धा धड येत नाही. मी उघाडीच्या फळ्यांवर काळं फासलं आणि तिथून भातात हिरवं पाणी सोडलं. ओघळ आले. खाली स्वीपर मावशी म्हणाल्या, "बाई, नोकरी जाईल तुमची." मी म्हटलं, "रिटायर व्हायला तीन वर्षंच राहिलीत, जाऊ दे."

दामूदादांना व्हीलचेअरवरून आणलं, पलंगावर निजवलं. मी औषधाच्या ट्रेशी उगाच खुडबुड करत राहिले.  मग आवाज आला, गेल्या पंधरा दिवसांत आला नव्हता इतका मोठा.

"ह्ये कुनी केलं?"

"मी."

"तुम्ही?" ते कोपरावर उठले होते. "भरतीचं पाणी असं असतं? ह्ये पाणी हाय का पालकाची भाजी? आणि काय ओ, खालच्या चार फळ्या काढल्या, मग वरची ती एक अधांतरी कशी ऱ्हायली?"

मी म्हटलं, "ती हिराताईंची आहे. तिला मी हात लावणार नाही."

ते त्या तिरक्या फळीकडे बघत राहिले. आडवे होईनात. मी उशी लावायला गेले तर माझ्या मनगटाला धरलं.

"पेज आणा," म्हणाले. "आणि रंग आणा. माझ्या रंगातला, तो तुमचा खिडक्यांचा नको."

हातात ब्रश धरायची ताकद त्यांच्यात नव्हती. म्हणून रोज वाटी झाली की मी शिडीवर आणि ते पलंगावरून मास्तरकी करायचे. "पहिली रेघ नखावर बघा. श्वास धरा. आता ओढा. घाईचा डोळा तिरळा!" मी म्हणायचे, "फळीच आहे, डोळा नाही." ते म्हणायचे, "सगळं डोळाच असतं गो बाय." तीन दिवसांत तीन फळ्या झाल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी घरी सोडायचं ठरवलं. मी ब्रश घेऊन शिडीकडे निघाले तर म्हणाले, "ती एक ऱ्हाऊ दे. पुढच्याला लागंल."

लेक आणि जावई रिक्षा घेऊन आले होते. दारात त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, निरोप घेतायत. ते माझा अंगठा उलटा करून बघत होते. नखावर तपकिरी रंग बसला होता. तो त्यांनी आपल्या अंगठ्यानं घासून पाहिला. निघाला नाही. मोठ्यानं हसले, खोकला येईपर्यंत हसले आणि रिक्षात बसले. त्यांचं तेच शेवटचं दिसणं. पुढच्या मोसमात, कारखान्यात मूर्ती वाळत असताना ते गेले. लेकीनं कळवलं.

गेल्या वर्षी माझं पोटाचं ऑपरेशन झालं. दुसरीकडे जायला मुलगा म्हणत होता, मी ऐकलं नाही. जुन्या इमारतीतल्या त्या वॉर्डात आता पुन्हा बायका असतात. ऑपरेशननंतर तोंडाला चव नव्हती, आणि खरं तर इच्छाही नव्हती. मी डोळे मिटून पडले होते. एक नवी सिस्टर आली, कोवळी पोर, मला ओळखत नव्हती. वाटीत चमचा ढवळत म्हणाली, "आजी, समोर बघा ना जरा. भरती लागलीय आणि उघाडीची एक फळी बसवायची राहिलीय. पेज संपवलीत तर बसवते."

मी डोळे उघडले. वरती हिराताईची तिरकी फळी, खाली माझ्या तीन वेड्यावाकड्या, आणि मध्ये एक काळी फट. ती फट मीच ठेवली होती. मला सगळं ठाऊक होतं. तरी पाणी आत येत होतं.

मी म्हटलं, "आण गो ती वाटी इकडे."